पिंपाचं माप

वागळे इस्टेटच्या गाळ्यात ती ओळीनं उभी होती,
पाच लिटर, दहा, वीस, पन्नास,
फोटोसाठी उंचीप्रमाणे लावलेल्या भावंडांसारखी.
सगळ्यांच्या पोटावर तेच लोखंडी पट्टे.

"हॉटेलवाले नेतात, शोभेला," दुकानदार म्हणाला.
"तुम्हाला खरंच भरायचंय?"
मी एकाच्या भोकाला नाक लावलं.
आत भाजल्याचा वास, थोडा व्हॅनिला,
थोडा बंद पडलेल्या बेकरीचा.

तुर्भ्याच्या कंपनीत तेहतीस वर्षं मी पिपेट धरला.
मला कुणी सांगायला नको
की भांडं जितकं लहान
तितकी प्रत्येक थेंबाच्या वाट्याला भिंत जास्त.
पाचातली वाइन सहा आठवड्यांत लाकूड शिकते,
तुम्ही विसरलात तर पुढे फर्निचर पिताय.
पन्नासातली वर्षभर नुसता विचार करते.

माजिवड्याला एका खोलीत आम्ही सहा जण होतो.
आई कुठूनही लागायची.
कोपर, लुगड्याचा काठ, फणीचं टोक,
बोटांना बाटली मसाल्याचा वास.
इतकी मुरली ती आमच्यात
की मार्था दुबईत कांदा चिरताना
अजून तिच्यासारखं नाक ओढते.
आता घोडबंदर रोडला माझ्या एकटीला तीन खोल्या.
भिंती आहेत,
लागत नाहीत.

बस्त्याव फोनवर म्हणाला, पन्नासच घे,
नाताळ आहे, लिझाचं लग्न आहे, माणसं काय थोडी आहेत?
मी हिशेब केला.
सत्तरपंचाहत्तर किलो काळी द्राक्षं,
जांभळी नाक्यावरून रिक्षाच्या किती फेऱ्या,
(नाक्यावर जांभळाचं झाड मी कधीच पाहिलं नाही)
चेअरमनची परवानगी, बाल्कनीचा स्लॅब,
आणि वाइन तयार होईल तेव्हा मी सत्तरीची.
वीसपाशी जरा थांबले.
मग दहाचं घेतलं,
कारण ते मला एकटीला उचलता आलं. रिकामं.
हे कारण बस्त्यावला सांगितलेलं नाही.

नवं पिंप आधी पाण्यानं भरायचं असतं.
लाकूड तहानलेलं असतं, फुगेपर्यंत गळतं.
पहिल्या दिवशी प्रत्येक फटीतून घाम,
दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या कडेवरून धार,
आणि खालच्या मजल्यावर
वाळत घातलेल्या कुरडयांवर टप टप.

खाली ओक राहतात.

ओकबाई वर आल्या, हातात भिजलेली कुरडई, पुरावा म्हणून.
"हे कसलं पाणी?"
"ओकाचं," मी म्हटलं.
त्यांना वाटलं मी थट्टा करते.
मग लाकडाचं नाव सांगावं लागलं,
मग झाड कसं असतं ते, जे मीही पाहिलेलं नाही,
मग चहा झाला.
जाताना त्यांनी पिंपावर हात ठेवला,
ताप बघतात तसा.

तिसऱ्या रात्री गळती थांबली.

वाइन बारा लिटर झाली होती.
दहा पिंपात गेली.
दोन आईच्या चिनीमातीच्या बरणीत,
जिचं झाकण एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत फुटलं
आणि तेव्हापासून बशीच झाकण आहे.
कारण पिंप भरलं की संपत नाही.
लाकडातून ते रोज थोडं हवेला देतं,
आणि ठाण्याची मेमधली हवा काही नको म्हणत नाही.
वर मोकळी जागा राहिली की वाइन आंबट होते.
म्हणून दर शनिवारी बशी काढायची,
बरणीतून वाटीनं घ्यायची,
आणि पिंपाच्या तोंडाशी, न सांडता, ओतायची.

आई कधी वाटीनं मोजत नसे.
मी मोजते, वहीत लिहिते.

परवा जिन्यात ओकबाई भेटल्या.
त्यांच्या घरात कुणी थेंब घेत नाही.
"ब्रिजितबाई, या आठवड्यात किती प्यायलं?"
"दीड वाटी."
"जास्तच पितंय हो."
"उन्हाळा आहे," मी म्हटलं. "पिऊ दे."